ओ देण्याचा धोंडा

पलीकडे नेणारी तरीची होडी यायला अजून अर्धा तास आहे. पाणी चढल्याशिवाय तिचा तळ सुटत नाही. तोवर या धोंड्यावर टेका. बसायला हरकत नाही, मात्र चपला खाली काढा. याला ओ देण्याचा धोंडा म्हणतात. खाडीपलीकडे माडांत कौलारू शिखर दिसते ते रवळनाथाचे देऊळ, आणि तो गाव आडखोल. पूल कुठे दिसत नाही ना? त्याचीच ही हकिगत.

एके काळी आडखोल नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. आज सांगितले तर तालुक्यातले कारकूनही हसतात. पण होता. खाडीच्या दोन्ही काठांची गावे त्यात होती, आणि या एवढ्याशा गावाचे नाव मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर छापून येत असे. त्या काळी पुरसो घाडी म्हणून देवाचा मानकरी होता. देवाला गाऱ्हाणे घालायचे, कौल लावायचा, हे त्याचे काम. त्याची सून येसू बाळंतपणात अडली, होडीतून दवाखान्यात नेताना ओहोटी लागली आणि होडी मधल्या चिखलात रुतली. येसू तिथेच गेली. त्यानंतर पुरसोने पुलाचा ध्यास घेतला. आमदाराच्या मागे लागून त्याने कागद वरपर्यंत नेला, असे सांगतात.

एवढ्यात सरकारने मतदारसंघांची नवी आखणी काढली. खाडी हीच हद्द धरायची, आडखोल मतदारसंघ मोडायचा आणि दोन काठ दोन शेजाऱ्यांना वाटून द्यायचे, असे ठरत होते. म्हणजे दोन काठांचे दोन आमदार, आणि मधला पूल कोणाचाच नाही. पुरसोने हरकतीचा अर्ज लिहवून घेतला. त्याखाली एकेचाळीस जणांची नावे होती, काहींच्या सह्या, बाकी अंगठे. पहिले नाव त्याचेच.

आता गावपळण म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही. दर तीन-चार वर्षांनी देव कौल देतो आणि सगळा गाव शिवेबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. शिवेबाहेर झोपड्या घालून राहायचे, आणि काहीही झाले तरी गावच्या माणसाने आत पाऊल टाकायचे नाही. त्या वर्षीचा कौल पुरसोनेच घेतला होता. गाव इकडे, या काठावर, येऊन राहिला.

दुसऱ्या दिवशी या काठावरच्या बेलवाडीचा टपालवाला शिवराम सरकारी पत्र घेऊन झोपड्यांत आला. हा माझा आजा. पत्रात लिहिले होते, उद्या दुपारी तीन वाजता रवळनाथाच्या अंगणात साहेब हरकती ऐकतील, अर्जदारांनी जातीने हजर राहावे.

सगळ्यांचे धाबे दणाणले. देवाकडे सूट मागावी, तर कौल देवळातच लागतो आणि देऊळ पलीकडे. शेवटी पुरसोने माझ्या आज्याचे पाय धरले. तो परगावचा, त्याला पळणीचे बंधन नव्हते. म्हणाला, "शिवराम, तू जा. साहेबाक सांग, होडयेत बसून एकदा अलीकडे ये म्हणान."

आजा गेला. साहेब माणूस वाईट नव्हता, म्हणे. देवळात शिरताना त्याने बूट काढले होते. आजा म्हणाला, "साहेबांनू, माणसा पळाली नाय हत, गावपळणीक गेली हत. ती बघा, समोर उभी आसत."

साहेबाने पाहिले. म्हणाला, "दिसतात मला. पण सुनावणीची जागा छापून जाहीर झाली आहे. ती हलवायचा अधिकार मला नाही. पाच वाजेपर्यंत थांबेन." त्याच्या कागदालाही शीव होतीच.

तीन वाजता कारकुनाने अर्ज उघडून नावे पुकारायला घेतली. एकेक नाव तीन वेळा. दुपारी खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून गावावरून इकडे येतो. त्यामुळे इकडच्यांना आपापले नाव स्पष्ट ऐकू आले. "पुरसो बाबाजी घाडी!" या धोंड्यावरून पुरसोने घशाच्या शिरा ताणून ओ दिली. वाऱ्याने ती मागे ढकलली. पलीकडे पोचलाच नाही आवाज. बायका ओरडल्या, म्हाताऱ्यांनी पंचे हलवले. आजा साहेबाला सांगत राहिला, ते हात बघा, ते हात बघा. कारकून एकेका नावापुढे गैरहजर लिहीत गेला.

दहाबारा नावे झाली तेव्हा पुरसो पाण्यात उतरला. खाडीच्या मध्यावर शिवेचा खांब आहे, तिथवर तो पोहत गेला. मागून त्याची म्हातारी आई ओरडली, "पुरश्या, कौल तूच घेतलंस मा? मगे तूच शीव मोडतलंस?" तिथवर हे मात्र त्याला ऐकू आले. त्याने खांबाला मिठी मारली आणि पाच वाजेपर्यंत तो तिथेच होता. पुढे जाववेना, मागे फिरवेना. ज्या चिखलावर येसू गेली तो त्याच्या पायाखाली होता. साहेब उठला, बूट घातले आणि निघून गेला.

मतदारसंघ मोडला. कोणी म्हणतात पुरसोने जायला हवे होते, कोणी म्हणतात गेला असता तर गाव बुडाला असता. मी या वयातही ठरवू शकलेलो नाही. पुरसोने पुन्हा कधी कौल लावला नाही. पुढच्या निवडणुकीला तो बेलवाडीला आला आणि आज्याला म्हणाला, "एकदा थंय उभो रव आणि आमची नावा पुकार. आमी ओ दितो. देवान तरी आयकूचा."

तेव्हापासून ही रीत पडली. आजही मतदानाच्या दिवशी दुपारी आडखोलची माणसे तरीतून अलीकडे येतात आणि या धोंड्याभोवती उभी राहतात. त्या एकेचाळिसांतले आता कोणी नाही. नातवंडे, पतवंडे ओ देतात. मग परत जाऊन मत टाकतात. नावे पुकारणारा परगावचा लागतो, म्हणून ते काम आमच्या घराकडे आहे. आज्यानंतर बापाने केले, आता मी करतो. देवळाच्या अंगणात मी एकटा असतो. वारा तोच. त्यांना माझा शब्दन् शब्द पोचतो, मला मात्र इतक्या वर्षांत त्यांची एकही ओ ऐकू आलेली नाही. लांबवर हात वर होताना दिसतो. मी नावापुढे हजर लिहितो, आणि पुढचे नाव पुकारतो.