तीन नंबरच्या खिडकीपुढचा खळगा

“...तर बाबा, हा खळगा भरून देताय की नाही?”

मृणालने विचारलं. नागोजी मिस्त्री बशीतला चहा फुंकत राहिले.

शहरातल्या सव्वाशे वर्षांच्या बँकेच्या इमारतीचं तिने पंचतारांकित हॉटेल केलं होतं. पितळी जाळ्या, भिंतीतलं घड्याळ, सागवानी काउंटर, सगळं जपलं होतं. पेपरात फोटोसुद्धा आला होता. नागोजी येऊन टेकले नाहीत तोच तिने कात्रण दाखवलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी, ती नवीकोरी आर्किटेक्ट असताना, तिला दगड ओळखायला शिकवलं ते याच पाथरवटाने. तिच्यावर त्यांचा फार जीव.

“ह्यो खळगा पाडला कुनी?”

“लोकांनी. तीन नंबर म्हणजे पेन्शनची खिडकी. वर्षानुवर्षं म्हातारी माणसं इथे उभी राहिली.”

“आन् आता कोन उभं ऱ्हानार?”

“पाहुणे. रिसेप्शन इथेच आहे. पण त्यांच्या बॅगांची चाकं यात अडकणार. मालक म्हणतात, फरशी सपाट झाली नाही तर पुढचं हॉटेल दुसऱ्याकडे. आठ दिवसांवर उद्घाटन आलंय, आणि या रंगाचा दगड फक्त तुमच्याकडे उरलाय.”

“खोल किती हाय?”

“अठरा मिलिमीटर. लेझरने मोजलंय.”

“आन् पायानं?”

मृणालने आपल्या सँडलकडे पाहिलं. दगड आधी अनवाणी पायाने बघायचा, मग मोजायचा, हा त्यांचा पहिल्या दिवशीचा धडा. मधल्या काळात बाई उंच टाचांवर चढल्या होत्या, त्याला कोण काय करणार.

“काढ ती सँडल.”

हाताखालचे इंजिनियर बघत होते. तिने काढली.

दगड गार होता. उजवा पाय डाव्यापेक्षा खोल गेला. तोल सावरताना कोपर काउंटरवर टेकलं, तर तिथलं लाकूडही झिजलेलं, बरोबर कोपराएवढं. मान आपोआप खिडकीशी वाकली.

नागोजी उठले, काउंटरला वळसा घालून जाळीपलीकडच्या खुर्चीत बसले. साहेबासारखा चष्मा नाकावर ओढला.

“बोला आजी. काय काम काढलंत?”

ती हसली. मग तिचा हात त्या झिजलेल्या लाकडावरून फिरला.

बराच वेळ ती त्या खळग्यातून हलली नाही...

“भरू?” नागोजींनी हळूच विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं.

“पण बाबा, मालकांना काय सांगू? पाहुण्यांना इथे बॅगा उचलून घ्याव्या लागतील.”

नागोजींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

“सांग त्याला, पोरी. हितं आजवर समदी आपलं वझं उचलूनच उभी ऱ्हायलीत.”