गोचिडांचा अहवाल

जनावरं एकमेकांना विचारल्याशिवाय काही करत नसत, त्या काळात भुरी नावाची एक म्हैस होती. तिच्या अंगावर गोचीड इतके माजले की दूध आटलं आणि तिचं रेडकू उपाशी राहू लागलं.

शेजारची शेळी म्हणाली, "अगं, ओढ्याकाठच्या गवती चहात लोळ. त्याच्या तेलाचा वास गोचिडांना सोसत नाही."

पण भुरीला आपल्या न्यायीपणाचा मोठा अभिमान. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा? तिने गोचिडांनाच विचारलं.

कानामागचा म्हातारा गोचीड पोट सावरत म्हणाला, "भुरीताई, आमचा तेलाला विरोध नाही. पण आधी अभ्यास नको का व्हायला? तुमच्या नाजूक कातडीची आम्हाला काळजी आहे."

भुरीला ते पटलं. समिती बसली, तिच्याच मानेवर. महिनाभरात अभ्यासकांची संख्या दुप्पट झाली. अधूनमधून निरोप येई, "काम प्रगतिपथावर आहे."

एका सकाळी रेडकू उठायला गेलं आणि पाय लटपटून खाली बसलं. त्याने आईकडे पाहिलं. भुरी तडक ओढ्याकडे गेली आणि गवती चहात आडवी झाली. पानं चुरगळली, तेल सुटलं आणि गोचीड पटापट गळू लागले.

म्हातारा कानाला लोंबकळत ओरडला, "ताई, थांबा! अहवाल अजून अपुरा आहे!"

"मग खाली बसून पुरा करा," भुरी म्हणाली आणि तिने कूस बदलली.