टेकणीची आमटी

तळेखोंडच्या घाटजाईच्या देवळामागे सफरचंदाची अकरा झाडे आहेत. खोडे वाकडी, फळ लिंबाहून थोडे मोठे. आश्विनात ते एका अंगाने लाल होते, पण आंबटपणा काही जात नाही. गावात हे फळ गोडात कुणी घालत नाही. त्याची आमटीच होते. पाहुण्यांनी कारण विचारले की दगडू गुरव आधी पायरीवर टेकतात आणि मग येसाईची हकिकत सांगतात.

फार जुनी गोष्ट. उत्तरेकडच्या कुणा गोसाव्याने ही रोपे लावली, म्हणे. फळ आंबट निघाले म्हणून गावाने तिकडे पाठ फिरवली. पुढे एका वर्षी पाऊस सरता सरता गावात हिवताप शिरला. घरोघरची माणसे अंथरुणाला खिळली. धडधाकट राहिली ती एकटी येसाई. पहिल्या आठवड्यात दोन म्हातारी माणसे गेली, तेव्हा तिने देवीसमोर हात जोडले. "आई, सगळं गाव पंगतीला बसेपर्यंत मी बसणार नाही. पण आता कुणाला नेऊ नकोस."

त्या दिवसापासून येसाई टेकली नाही. पाणी आणायचे, नाचणीची पेज शिजवायची, घरोघर फिरून भरवायची. झोप आली तर खांबाला पाठ लावून उभ्यानेच डोळे मिटायचे. पायांना सूज आली. पण पेज कुणाच्या घशाखाली उतरेना. तापाने तोंडे कडू झालेली. कोकम संपलेले, आणि घाट उतरून आणणार कोण? तिचा नवरा शिदबा तर भांडे बघूनच तोंड फिरवायचा.

एका दुपारी पाण्याहून येताना तिला भोवळ आली. देवळामागच्या एका सफरचंदाच्या झाडाला धरून ती उभी राहिली. सकाळपासून पोटात काही नव्हते. हाताशी आलेले फळ तोडून तिने चावले. दात आंबले, अंगावर शहारा आला आणि कोरड्या तोंडाला पाणी सुटले. मग तिने ओटी भरून फळे तोडली.

घरी तिने त्यांच्या फोडी केल्या, लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतल्या आणि कुळथाच्या कढणात शिजवल्या. पहिली वाटी सासूला दिली. म्हातारीने तीन दिवसांत घोटभर पाण्याखेरीज काही घेतले नव्हते. ती एक घोट प्याली, थांबली, आणखी एक प्याली.

"मीठ विसरलीस," ती म्हणाली.

येसाई मिठाचे मडके शोधू लागली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला ते दिसेना.

पुढे आठ-दहा दिवस घरोघर तीच आमटी गेली. माणसे जेवू लागली, उठून बसू लागली. देवीने आणखी कुणाला नेले नाही. आश्विन वद्य अष्टमीला सगळे गाव देवळामागे पंगतीला बसले. येसाई वाढत होती. शिदबा उठला. पाय लटपटत होते, तरी त्याने तिच्या हातातला डाव काढून घेतला.

"आता तू बस."

"बसले तर उठायची नाही मी."

"नको उठूस."

ती झाडाच्या खोडाला टेकली आणि पान वाढायच्या आतच झोपली.

ती पुन्हा उठलीच नाही, असे गावात सांगतात. गुरवांना मात्र ते पटत नाही. "तीन दिवसांनी उठली, म्हणे. उठली नसती तर आम्ही कुठून आलो असतो? तिचा थोरला लेक त्यानंतर झाला, त्याचा आमचा वंश. पण लोकांना न उठलेलीच बरी वाटते."

आजही त्या अष्टमीला, जिला गावात टेकणी म्हणतात, चुलीपाशी पुरुषच असतात. फोडणी जळते, मिठाचा अंदाज चुकतो. बायका झाडांना पाठ लावून पाय पसरून बसतात. काही बसल्या बसल्या झोपी जातात. दिवस मावळला तरी त्यांना कुणी हाक मारत नाही.