गावजाळ्याची पट्टी

या गोष्टीच्या शेवटी एकाला दंड भरावा लागतो. काय भरावं लागतं, ते आत्ताच सांगा बघू! जीव नाही, जमीन नाही, बैल नाही. ओळखलंत तर माझ्या वाटचा गूळ तुमचा. नाही ना येत? मग गप ऐका.

लई जुनी गोष्ट. तेव्हा मासेसुद्धा बोलायचे, आणि लई टोचून बोलायचे. नदीकाठी एक गाव होतं. सगळ्या गावात मिळून एकच जाळं. रीत अशी, की जाळं पिंपळाखाली टांगलेलं असायचं, आणि जो रिकामा असेल त्यानं येऊन चार गाठी मारायच्या. वाटसरू आला तरी त्याला कुणी अडवायचं नाही.

पण गाठ मात्र ज्याची त्याची. एकाच्या गाठींमधले डोळे एवढे मोठे, की मांजर शेपूट न दुमडता पार जाईल. दुसऱ्याचे एवढे बारीक, की पाणीच अडकावं. सकाळी एकानं विणलं, की दुपारी दुसरा उसवायचा.

"हे विणलंय, का कोंबडीनं उकरलंय?"

"आणि तुझं? म्हशीनं चघळून टाकल्यागत!"

या भांडणात जाळ्याला खरंखुरं भोक पडलं. पण सगळं जाळंच वेडंवाकडं. त्यात भोक कुठलं आणि कुणाची हौस कुठली, कळावं कसं? मासे रोज निसटायचे. पोरं नुसत्या आंबिलीवर आली. एक म्हातारा मासा तर पाण्यातून डोकं काढून म्हणायचा, "उद्या येतो हं, याच वाटेनं!"

मग पाटलानं हुकूम सोडला, "आजपासून डोळा दोन बोटांचा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी बघतात तर काय, पैलवानाची दोन बोटं म्हणजे शिंप्याची चार! पुन्हा हमरीतुमरी.

तेव्हा एक म्हातारी बांबूची चपटी पट्टी घेऊन आली. म्हणाली, "बोटं ठेवा खिशात. पट्टीवरून दोरा घ्या, गाठ मारा, पट्टी काढून घ्या. तुम्ही भांडा, नाहीतर नाचा, डोळा सारखाच येणार."

तीन दिवस गाव उसवत होतं आणि विणत होतं. एक मिशीवाला तेवढा आपल्या कोपऱ्याला हात लावू देईना. त्याच्या मिशीला दोन वेढे, आणि गाठींना तीन.

"मी बांबूचं ऐकू?" तो म्हणाला. "अहो, माझ्या कोपऱ्यातून एक मासा सुटला, तर ही मिशी तुमची!"

"ऐकलंत ना रे सगळ्यांनी?" म्हातारी एवढंच बोलली.

चौथ्या दिवशी जाळं मधाच्या पोळ्यासारखं दिसत होतं. ते जुनं भोक तर लांबूनच दिसलं. पान खाऊन होईस्तोवर म्हातारीनं ते सांधलं. जाळं पाण्यात पडलं, जड झालं. पोरं ताटं घेऊन काठावर बसली. गावानं जोर लावून ओढलं आणि... हलकं! सगळे मासे एकाच कोपऱ्यातून पळाले होते. आता बाकी जाळं सारखं, तेव्हा तो कोपरा आंधळ्यालाही सापडला असता.

"ही... ही गाठ माझी नव्हंच!" मिशीवाला ओरडला.

पाण्यातून म्हातारा मासा म्हणाला, "तुझीच की रे! एवढा ऐटदार दरवाजा गावात दुसरा कोण बांधतो?"

न्हावी काठावरच उभा होता. वस्तरा घरून आणायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मिशीवाल्यानं, म्हणजे त्याला अजून तेच म्हणतात, स्वतः पट्टी घेऊन आपला कोपरा विणला. त्या दिवशी पोरांची ताटं भरली, आणि तो बोलका मासाही पहिल्यांदाच गप्प बसला. पट्टीच्या टोकाला गावानं झुपका बांधलाय. कशाचा, ते आता विचारू नका.

म्हणून सांगतो, जाळं सगळ्यांचं असेल तर माप एकच ठेवावं. ऐट दाखवायला आपली मिशी असतेच. त्याची होती.