म्हशीला विचारा

फार वर्षांपूर्वी, खारवलीच्या खाडीवर खोताला विचारल्याशिवाय कुणी शिंकतही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या मिठागरात गोमा, जानू आणि पदी हे तिघं जिवाभावाचे सोबती राबायचे. उन्हानं डोकं तापायचं, मिठानं पाय फुटायचे, पण या तिघांची थट्टामस्करी काही थांबायची नाही.

विनोद तरी कसले, अगदी पांचट! गोमा म्हणायचा, "मीठ म्हणजे मी आणि ठ. मी तर मीच, मग ठ कोण?" की जानू ओरडायचा, "मी ठ!" आणि पुन्हा मीठच झालं म्हणून तिघंही पोट धरून हसायचे. यात हसण्यासारखं काय आहे म्हणता? काही नाही. त्यांना यायचं हसू, तुमचं काय जातं?

त्यातली एक गंमत मात्र फक्त तिघांची. एकानं नुसतं "म्हशीला विचार" म्हटलं की बाकीचे दोघं हसून मिठात लोळायचे. त्यामागं काय होतं ते चौथ्याला ठाऊक नव्हतं.

खोताला वाटलं, म्हैस म्हणजे आपणच. अंगानं होताही तसाच म्हणा! त्यानं दवंडी पिटवली, मिठागरात हसायचं नाही. दुसऱ्याच दिवशी गोमा खदखदून हसला. खोतानं त्याला बांधाखालच्या खांबाला जखडलं. भरती लागली होती.

"त्या म्हशीचा अर्थ सांग, सोडतो," खोत म्हणाला.

"म्हशीला विचारा, धनी," गोमा म्हणाला.

पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. बांधावर उभ्या असलेल्या पदीचा जीव कासावीस झाला. तिला अर्थ ठाऊक होता. चार शब्दांत सांगून टाकला तर गोमा सुटणार होता. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात गोमा ओरडला, "पदे, खबरदार! मीठ त्याचं, खाडी त्याची, आपला घामसुद्धा त्याचाच. एवढं एक आपलं आहे. तेही दिलंस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही!"

पदीला रडू फुटलं आणि खोताचा असा संताप आला की तिनं पदर खोचला, पाण्यात उतरली आणि गोमाला खेटून उभी राहिली.

"तू तरी सांग गं!" खोत गरजला.

"म्हशीला विचारा!"

पाठोपाठ जानूनं उडी घेतली. मग सगळं मिठागर पाण्यात उतरलं. त्यांना तर अर्थाचा पत्ताच नव्हता, पण तीही माणसं छाती काढून ओरडली, "म्हशीला विचारा!"

असं म्हणतात, ती सगळी माणसं अशी हसली की समुद्रालाही हसू आवरेना. हसता हसता त्याला ठसका लागला आणि भरती अर्ध्यातूनच मागं फिरली. खोताच्या शिपायांनीच हसत हसत गोमाचे दोर सोडले. त्यानंतर खोतानं कधीही हुकूम सोडला की कुठून तरी आवाज यायचा, "म्हशीला विचारा!" आणि हुकूम तिथंच विरायचा. शेवटी तो गाव सोडून गेला.

तिघांत मागं उरली ती पदी. म्हातारपणी नातवंडं तिच्या मागं लागली, आता तरी सांग. ती काय म्हणाली ते तुम्हाला कळलंच असेल. अर्थ तिच्याबरोबर गेला.

खांब अजून आहे. दर वर्षी पहिलं मीठ निघतं त्या दिवशी सगळा गाव गोमाच्या नावानं भरतीच्या पाण्यात उतरतो. एकानं खोत व्हायचं आणि बांधावरून दरडावून विचारायचं, "अर्थ काय?" मग लहानथोर सगळे एकदम ओरडतात आणि हसत सुटतात. का हसता, असं पाहुण्यानं विचारलं तर खारवलीत कुणालाच सांगता येत नाही. आलं असतं तरी कुणी सांगितलं नसतं.