गेनूचं पान

"मग वर्ग माझ्या हाती कधी देणार, बुवा?"

केरबानं हे तिसऱ्यांदा विचारलं. मुकुंदबुवा सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

टेकडीवरच्या त्या मठात लोकांना लिहायला शिकवत. रीत मोठी गमतीची होती. कुणी भांडण घेऊन आलं की शिष्यानं दोघांची दोन पानं लिहायची, दोन्ही 'मी' म्हणून. मग ज्याचं पान त्याला वाचून दाखवायचं. तो "हे माझंच" म्हणाला तर ठीक, नाहीतर पान फाडून पुन्हा बसायचं.

केरबाचं एकही पान आजवर फाटलं नव्हतं. सासू लिहावी तर केरबानं, आणि सूनही केरबानंच! एक म्हातारी तर ऐकता ऐकता रडली. म्हणाली, "मेल्या, माझ्या पोटातलं तुला कुणी सांगितलं रे?" त्या दिवसापासून गडी जरा छाती काढून चालायचा.

"देतो," बुवा म्हणाले. "एक पान लिहून आण."

"कुणाचं?"

"गेनूचं."

केरबाचा चेहरा पडला.

गेनू त्याचा पाठचा भाऊ. मठापासून दोन कोसांवर, शेतातल्या वस्तीवर राहायचा. तीन वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवसांत, दोन दिवसांच्या तापानं आई भर दुपारी गेली, आणि केरबाला निरोप आला तो ती गेल्यावर. "मी दोन कोसांवर होतो, आणि मला बोलवावंसं वाटलं नाही तुला? मुद्दामच केलंस!" तिरडीपाशी, चार माणसांदेखत केरबा हे बोलला. तेरावं झालं आणि तो निघून आला. नंतर घरचा उंबरा त्यानं पाहिला नाही. आई जिवंतपणी शेवटची दिसली नाही, हे दुःख त्याला अजून जेवू देत नसे.

"त्याचं काय लिहायचंय, बुवा? त्यानं तर..."

बुवांनी दौत पुढे सरकवली.

तासाभरात पान झालं. केरबा वाचू लागला. 'मी गेनू. मी दादाचा अपराधी आहे. दादाला बोलावलं नाही, हे मला आतून खातं. दादा आला तर मी त्याचे पाय धरीन...' वाचता वाचता त्यानं दोनदा डोळे पुसले.

बुवा मात्र कान कोरत बसले होते.

"झकास. यात दादा किती वेळा आला?"

केरबानं मोजलं. "एकोणीस."

"आणि म्हशी?"

"म्हशी?... कुठल्या?"

"घरी म्हशी नाहीत?"

"आहेत की. दोन."

"धार कोण काढतं?"

"गेनूच."

"आई गेली तेव्हा त्याची बायको कुठं होती?"

"माहेरी. बाळंतपणाला."

"मग चूल?"

केरबा पानात चूल शोधू लागला.

"अरे बाबा, तुझा भाऊ दिवसभर तुझंच नाव घेत बसतो होय? त्याला दुसरे उद्योग नाहीत?"

बुवांनी पान घेतलं आणि टर्रकन फाडलं.

केरबाची कानशिलं तापली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! वाटलं, उठावं आणि चालू पडावं. पण वर्ग हवा होता. रागारागानंच त्यानं दुसरं पान ओढलं.

'मी गेनू. पहाटे धारा काढल्या. आईला दोन दिवस ताप आहे. चूल पेटवली, पेज केली. आईनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, मला बरं वाटतंय, तू पाभर नीट कर. पेरणीचे दिवस. शेजारची सगळी माणसं रानात गेली, वस्तीवर चिटपाखरू नाही. दुपारी आईला एकाएकी धाप लागली. धावत आत गेलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. चमच्यानं पाणी घातलं, ते बाहेर आलं. आई म्हणाली, केरबाला बोलव...'

इथं केरबाचा हात थांबला.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"थांबलास का?"

"आता त्याला... मला बोलवायला यायचंय, बुवा."

"मग येऊ दे की."

"कसा येईल?" केरबाला हुंदका आवरेना. "हाकेच्या अंतरावर कुणी नाही. तो उठला तर आई एकटी मरेल हो... आणि मी त्याला चार माणसांत..."

बुवांनी दौत बाजूला सरकवली.

"आईचं डोकं त्याच्या मांडीवर आहे, बुवा... त्याला उठताच येत नाही."

बुवांनी खुंटीवरचं केरबाचं उपरणं काढलं. हळूच त्याच्या खांद्यावर टाकलं.

"मग तू ऊठ."