बगळ्याचा शिल्लक पाय

माणसांना वैद्य मिळाले, त्याच्याही आधीची गोष्ट. तळ्यातल्या एका बगळ्याचा उजवा गुडघा असा धरला, की मासा पायाशी येऊन गेला तरी त्याला वाकता येईना. उपाशी मरायची वेळ आली, तेव्हा तो लंगडी घालत काठावरच्या निर्गुडीच्या झुडपाकडे गेला.

"निर्गुडीमावशी, गुडघ्यावर बांधायला पाला दे गं!"

मावशीने पाला दिला, गरम करून बांधायला सांगितलं. मग तिचं लक्ष गेलं. "आणि हा डावा पाय पोटाशी कशाला धरलायस?"

"तो म्हातारपणासाठी जपून ठेवलाय," बगळा म्हणाला. "दोन्ही एकदम झिजवायला मी काय वेडा आहे?"

"मेल्या, आधी तो खाली टेक!"

बगळ्याने नाखुशीनेच पाय टेकला. दुखणं तिथल्या तिथे निम्मं झालं. पाला अजून पंखाखालीच होता.

"वा! काय गुण आहे या पाल्याला!" असं ओरडत तो सगळ्या बगळ्यांना सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी निर्गुडीवर एक पान शिल्लक नव्हतं. तळ्यात सगळे बगळे गुडघ्याला पाला बांधून ऐटीत उभे होते. एका पायावर.